आजीच्या डब्यातला दागिना किती वर्षांचा?

नागावहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. घरची कामं आटोपून, कुणी सुपारी सोलता सोलता, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. हात चालू राहू दे, कान फक्त इकडे द्या. आजचा विषय तुमच्या कपाटातल्या डब्यात आहे.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एक काकू मासिक बैठकीला आल्या त्या तोंड उतरवूनच. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्यांनी सासूबाईंची कर्णफुलं मोडायला काढली होती. सराफानं मशीनवर ठेवली आणि सांगितलं, ‘सोनं हलकं आहे, साठ टक्केसुद्धा नाही. घडवणाऱ्यानं फसवलं तुम्हाला.’ काकूंना पैशाचं वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट वाटलं ते घरी सांगायचं कसं याचं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. तीस वर्षांपूर्वी तीच कर्णफुलं गहाण ठेवायला नेली होती, तेव्हाही असंच ऐकायला मिळालं होतं. तेव्हापासून गावातल्या त्या जुन्या सोनाराच्या घराशी त्यांचं बोलणं नव्हतं.

आम्ही काकूंना म्हटलं, घाई करू नका. डब्यात आहे ते सगळं घेऊन या, आणि सासूबाईंनाही विचारू. मग दोन दुपारी बसून आम्ही त्या डब्यातल्या एकेका वस्तूचं वय काढलं. ते कसं काढलं तेच आज सांगतो. शेवटी त्या कर्णफुलांचं काय निघालं तेही सांगू.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दागिन्याचं वय माणसाच्या जन्मदाखल्यासारखं एका तारखेवर सांगता येत नाही. आपल्याला दोन टोकं सापडतात. ‘या सालाच्या आधीचा नक्की नाही’ हे एक टोक, आणि ‘या सालाच्या नंतरचा बहुधा नाही’ हे दुसरं. दोन टोकं जितकी जवळ येतील तितका अंदाज चांगला. आणि एकाच खुणेवर विसंबायचं नाही. तीन खुणा एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायचा.

पहिली खूण म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण. त्यांना साल विचारू नका, साल कुणाला आठवत नाही. प्रसंग विचारा. दागिना कुणाच्या लग्नात आला? तेव्हा गावात, देशात काय चाललं होतं? आपल्या किनाऱ्यावर ‘रामदास बोट बुडाली त्याच्या आदल्या वर्षी’ असं सांगणाऱ्या आज्या होत्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला येणारी ती बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली, म्हणजे लग्न १९४६ चं. ‘गांधीजी गेले तेव्हा’ म्हणजे जानेवारी १९४८. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा’ म्हणजे डिसेंबर १९६७. ‘दुष्काळात’ म्हणाल्या तर बहुतेक १९७२. असा प्रसंग सापडला की साल आपोआप हाती येतं. पण आठवणीत एक गफलत होते. ‘सासूच्या सासूचं सोनं’ म्हणजे सोनं तिचं असतं, दागिना तिचा असेलच असं नाही. आपल्याकडे सोनं मोडून पुन्हा घडवतात. म्हणून विचारताना ‘सोनं कुणाचं’ आणि ‘घडवलं कधी’ असे दोन वेगळे प्रश्न विचारा.

दुसरी खूण कागद. डब्याच्या तळाशी पिवळी पडलेली पावती असेल तर ती दागिन्याइतकीच जपा. पावतीवर दागिन्याची तारीख फाटलेली किंवा पुसलेली असली तरी वय सांगणाऱ्या पाच गोष्टी पाहा.

वजन तोळे, मासे, गुंजांमध्ये लिहिलंय का? देशात दशमान वजनं १९५८ पासून येऊ लागली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत जुनी वजनं कायद्यानं मागे पडली. तोळे-मासे लिहिलेली पावती बहुधा त्याआधीची.

पैसे रुपये-आणे-पै असे आहेत का? मग १ एप्रिल १९५७ च्या आसपासची किंवा आधीची. ‘नवे पैसे’ असं लिहिलं असेल तर त्याच्या नंतरच्या सात-आठ वर्षांतली.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे का? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्याआधीच्या कागदावर तो असूच शकत नाही.

आपला जिल्हा काय लिहिलाय? ‘जि. कुलाबा’ छापलं असेल तर पावती पुस्तक १९८१ च्या आधी छापलेलं, कारण १९८१ साली कुलाब्याचं नाव रायगड झालं. मात्र दुकानदार जुनी पुस्तकं संपेपर्यंत वापरतात, तेव्हा एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.

आणि जीएसटी लिहिलं असेल तर १ जुलै २०१७ नंतरची.

इथेच वजनाचं एक महत्त्वाचं सांगून ठेवतो, कारण यात आपलं नुकसान होतं. जुना तोळा म्हणजे ११.६६४ ग्रॅम. त्याचे बारा मासे, आणि एका माशाच्या आठ गुंजा. आज दुकानात ‘तोळा’ म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या वहीत ‘पाच तोळे’ लिहिलं असेल आणि ती वही जुन्या तोळ्याच्या काळातली असेल, तर ते ५८.३२ ग्रॅम झाले, ५० नव्हे. सव्वाआठ ग्रॅमहून जास्त फरक पडतो. भावंडांत वाटणी करताना, गहाण ठेवताना आणि मोडताना नेहमी ग्रॅममध्ये बोला. वापरून थोडी झीज होतेच, ती वेगळी धरा.

तिसरी खूण शिक्का. दागिन्याच्या आतल्या बाजूला, फाशाजवळ किंवा कडीजवळ बारीक अक्षरं असतात. सोनाराकडचं भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा. सोन्याचं सरकारी हॉलमार्किंग आपल्याकडे २००० साली सुरू झालं, चांदीचं २००५ साली. त्यात बीआयएसची त्रिकोणी खूण असते आणि शुद्धतेचा आकडा असतो. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४ कॅरेट. सुरुवातीच्या वर्षांत वर्षाचं इंग्रजी अक्षरही मारत. ‘ए’ म्हणजे २०००, ‘बी’ म्हणजे २००१, ‘जे’ म्हणजे २००८. हे अक्षर २०१७ पासून बंद झालं. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला आणि जुलै २०२१ पासून एचयूआयडी नावाचा सहा अक्षरी-आकडी क्रमांक आला. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. हा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की दागिना कुठे तपासला ते दिसतं. तेव्हा कुणी एचयूआयडी असलेला हार दाखवून ‘शंभर वर्षांचा आहे हो’ म्हणालं, तर विचारा की हा शिक्का मारला कधी. जुना दागिना नंतर तपासून शिक्का मारलेला असू शकतो, पण शिक्का आहे म्हणजे जुना, असं मुळीच नाही.

‘केडीएम’ अशी अक्षरं दिसली तर तो दागिना साधारण नव्वदच्या दशकातला किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतला. तेव्हा डाग देताना कॅडमियम वापरत. त्याचा धूर कारागिरांच्या जिवाला घातक, म्हणून ती पद्धत मागे पडली.

शिक्काच नसेल तर? घाबरू नका. आपल्या सासू-आज्यांचे दागिने गावच्या सोनारानं घडवलेले, त्यावर शिक्का नसणंच साहजिक आहे. शिक्का नाही याचा अर्थ खोटं नाही.

चौथी खूण नाणी. आपल्याकडे चांदीच्या रुपयांच्या माळा घरोघरी होत्या. त्यांचं वय काढणं सगळ्यात सोपं. प्रत्येक रुपयावरचं साल वाचा आणि सगळ्यात नवं साल कोणतं ते पाहा. माळ त्या सालाच्या आधी ओवलेली असू शकत नाही. सगळ्यात जुन्या सालाला भुलू नका, कारण जुना रुपया घरात पडून असतो आणि माळेत नंतर जातो. साल झिजलं असेल तर चेहरा पाहा. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८७६ पर्यंत ‘क्वीन’ आहे, १८७७ पासून ‘एम्प्रेस’ म्हणजे सम्राज्ञी. एडवर्ड सातवा टकलावर मुकुट नसलेला, त्याचे रुपये १९०३ ते १९१० चे. पाचवा जॉर्ज मुकुटवाला, १९११ ते १९३६. आणखी एक, १८६२ हे साल घातलेले रुपये पुढेही काही वर्षं तेच साल घालून पाडले जात होते. म्हणून १८६२ दिसलं तर त्याच सालाचा आहे असं छातीठोक सांगू नका.

चांदीही वय सांगते. १९३९ पर्यंतच्या रुपयात बाराला अकरा भाग चांदी होती. महायुद्धात, १९४० पासून ती निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही. आणि खऱ्या कलदार रुपयाचं वजन जुन्या तोळ्याइतकंच, साधारण ११.६६ ग्रॅम. झिजून थोडं कमी भरेल, पण आठ-नऊ ग्रॅम भरलं तर तो ओतलेला नकली असण्याचा संभव मोठा.

पुतळ्यांच्या माळेचं मात्र सोपं नाही. व्हेनिस नावाच्या शहराची डुकाट म्हणून सोन्याची नाणी पूर्वी समुद्रमार्गे आपल्या बंदरांत येत. आपल्या शेजारचं चौल त्या व्यापाराचं मोठं बंदर. त्या नाण्यांवर उभ्या माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्यांना पुतळी म्हटलं. व्हेनिसचं ते राज्य १७९७ साली संपलं, पण आपले सोनार त्याच्या नकला पुढे घडवत राहिले आणि आजही घडवतात. त्यामुळे पुतळी दिसली म्हणजे दोनशे वर्षांची, असं नाही. सगळ्या पुतळ्या अगदी एकसारख्या, कडा एकसारख्या धारदार असतील तर त्या एकाच ठशातून नव्यानं काढलेल्या. एखादी वेगळीच, अक्षरं अंधुक, कड झिजलेली असेल, तर ती वेगळी ठेवून जाणकाराला दाखवा.

पाचवी खूण घडण. हातानं ओढलेल्या तारेची, हातानं जोडलेल्या कड्यांची साखळी बघा, एक कडी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. मशीनची साखळी सगळी सारखी. कर्णफुलांच्या, कुड्यांच्या फिरक्या काढून बघा. हातानं पाडलेले आटे किंचित वाकडे-तिकडे असतात, आणि डाव्याची फिरकी उजव्याला बसत नाही. मशीनच्या फिरक्या कुणालाही बसतात. बोरमाळेचे मणी, जुने तोडे पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. मोडताना लाखेचं वजन सोन्यात धरत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं.

खडे आणि मोतीही बोलतात. लाल खडा पाहून ‘आजीचं माणिक’ म्हणतो आपण. पण भट्टीत बनवलेलं माणिक १९०२ पासून बाजारात येऊ लागलं. भिंगातून त्यात वाकड्या, कमानीसारख्या रेषा दिसल्या तर तो खडा त्याच्या आधीचा नाही. नथीतले मोती शिंपल्यात मुद्दाम तयार केलेले असतील तर ते १९२० च्या सुमारानंतरचे. पण खडा आणि मोती बदलता येतो. एक नवा मोती बसवला म्हणून आख्खी नथ नवी होत नाही. तसंच ओवलेला दोरा. नायलॉनचा दोरा दिसला तर एवढंच कळतं की माळ मधे कधीतरी पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घेतली आहे.

आता ज्या खुणा फसवतात त्या सांगतो. काळेपणा हे वय नव्हे. आपल्या दमट हवेत चांदी एका पावसाळ्यात काळवंडते, आणि बाजारात तर मुद्दाम काळे केलेले दागिने ‘अँटिक’ म्हणून मिळतात. फिरायला आलेल्या पाहुण्यांना किनाऱ्यावर असे दागिने खपवतात, तसे आपल्यालाही खपवतील. झीज हीसुद्धा कच्ची खूण. रोज घातलेली जोडवी दहा वर्षांत झिजतात, आणि डब्यात ठेवलेला हार साठ वर्षांनी नवा दिसतो. सराफाकडचं कॅरेट मशीनही वय सांगत नाही. ते कस सांगतं, आणि तोही वरच्या थराचा.

आता काकूंच्या डब्याकडे येऊ. रुपयांची माळ निघाली, त्यात राणीचे रुपये होते, पण सगळ्यात नवा १९१९ चा. म्हणजे माळ १९१९ च्या नंतर ओवलेली. त्यात १९४० नंतरचा एकही रुपया नव्हता, म्हणून बहुधा त्याच्या आधीची. घरात सगळे ‘दीडशे वर्षांची’ म्हणत होते, ती निघाली शंभरीच्या अल्याड-पल्याड. पुतळ्यांसोबत पावती होती, तोळे-मासे आणि रुपये-आण्यांतली. म्हणजे ती माळ १९५७ च्या आसपास किंवा आधी घडलेली.

आणि कर्णफुलं. फिरक्यांचे आटे हाताचे, एकमेकींना न बसणारे. शिक्का नाही. कस मशीनवर ५८ टक्क्यांच्या जवळ. आम्ही ओटीवर सासूबाईंजवळ बसलो आणि विचारलं, ‘आजी, तुमचं लग्न कधीचं?’ त्या म्हणाल्या, ‘चीनची लढाई झाली ना, त्याच्या पुढच्या वैशाखात. माझ्या लग्नात सोन्याची लय ओढाताण.’

चीनची लढाई १९६२ च्या शेवटी, म्हणजे लग्न १९६३ च्या उन्हाळ्यात. आणि जानेवारी १९६३ मध्येच मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सरकारनं सोने नियंत्रणाचा हुकूम काढला होता. परदेशातून चोरून येणारं सोनं रोखायला नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचा घडवायला बंदी आली. १४ कॅरेट म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं. मशीननं सांगितला तोच आकडा. देशभर कितीतरी सोनारांचे हात त्या वेळी रिकामे झाले. १४ कॅरेटची ती अट १९६६ साली निघाली, आणि सोने नियंत्रण कायदा पुरता रद्द झाला तो १९९० साली.

नुसता कस कमी म्हणून आम्ही हे म्हटलं नसतं, १४ कॅरेटचे दागिने आजही विकत मिळतात. पण हातचे आटे, शिक्का नसणं, लग्नाचा प्रसंग आणि कस, चारही एकाच सालाकडे बोट दाखवत होते. सोनारानं फसवलं नव्हतं. त्यानं कायद्यात बसेल तेच घडवलं होतं.

आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘बाबांना ठाऊक असेल. मला कुणी सांगितलंच नाही.’ त्या दिवाळीला त्यांनी सोनाराच्या घरी फराळाचं ताट पाठवलं. सोनार तर कधीच गेला, पण सून आहे, तिनं ताट घेतलं.

फीचं काय झालं? काकूंकडे २००८ च्या दिवाळीत घेतलेल्या दोन बांगड्या होत्या, ९१६ आणि ‘जे’ अक्षराच्या. त्यांचा कस निर्विवाद, कारागिरी मशीनची, मोडल्या तर हळहळ नाही. त्या दिल्या, उरलेली रक्कम गटाच्या अंतर्गत कर्जातून उभी केली. कर्णफुलं डब्यात परत गेली. एक सांगायला हवं, सराफ वयाचे पैसे देत नाही, तो वजन आणि कस बघतो. पण वय कळलं की काय मोडायचं आणि काय ठेवायचं हे आपण ठरवतो, समोरचा नाही.

तर मैत्रिणींनो, या महिन्यात एवढं करा. एका वहीत प्रत्येक दागिन्याला एक पान द्या. नाव, ग्रॅममध्ये वजन, शिक्का, कुणाकडून आला, घडवला कधी, आणि कोणत्या खुणेवरून हे ठरवलं ते लिहा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. जुना दागिना वय काढायच्या आधी ब्रशनं, पावडरनं घासू नका, अक्षरं आणि घडणीच्या खुणा जातात. मोडण्याआधी दोन ठिकाणी कस बघा. बीआयएसच्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात ग्राहकालाही फी भरून तपासता येतं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं आपल्याला परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांकडे अशी वस्तू पाठवायच्या आधी चौकशी करा.

आणि सगळ्यात आधी, घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आजच त्यांच्याजवळ डबा घेऊन बसा. नाण्यावरचं साल उद्याही वाचता येईल. आजीची आठवण उद्या मिळेलच असं नाही.